परदेशात भाड्याची सायकल: आधी परतीचे ठिकाण ठरवा

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून जुळे सोलापुरात राहतो. पत्नी व मी आणि आमच्याच वयाचे एक मित्र-दांपत्य असे चौघे रोज सकाळी हिप्परगा तलावापर्यंत सायकलने जाऊन येतो. युरोपात आठ-दहा दिवस सायकलवर फिरावे, असे आमच्या मनात आहे. सायकली इथून न्याव्यात की तिकडे भाड्याने घ्याव्यात? कोणता मार्ग निवडावा आणि तयारी कुठून सुरू करावी? पत्नीची आषाढी वारी चुकत नाही, एवढे कृपया ध्यानात घ्यावे.

उत्तर : सायकली इथून नेण्याचा विचार आपण सोडून द्यावा. सायकल विमानात न्यायची तर हँडल आणि पायडल काढून ती खोक्यात बंद करावी लागते. ते चार अवजड खोके सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या डब्यात चढवणे, मुंबईत उतरवून विमानतळावर पोहोचवणे आणि तिथे विमान कंपनीचे वेगळे शुल्क भरणे, इतके सगळे सोलापूर ते मुंबई एवढ्याच टप्प्यात होते. खरी अडचण पुढेच आहे. तिकडे सायकली जोडून आपण निघालात, की रिकाम्या खोक्यांचे काय करायचे? परतीचे विमान दुसऱ्या शहरातून असेल, तर ते खोके तिथे कोण आणून देणार? महिना-दोन महिन्यांच्या भटकंतीसाठी स्वतःची सायकल नेणारे लोक यातून मार्ग काढतात, पण आठ-दहा दिवसांसाठी एवढा खटाटोप आम्हाला योग्य वाटत नाही.

भाड्याच्या सायकलीवरचा प्रवास आखताना बहुतेक जण आधी विमानाचे तिकीट काढतात, मग हॉटेले शोधतात आणि सायकलीचा विचार शेवटी करतात. हा क्रम नेमका उलटा असायला हवा. सायकल कोणत्या गावात ताब्यात मिळेल आणि कोणत्या गावात परत घेतली जाईल, हे आधी लेखी ठरवावे. एकदा ते ठरले, की कोणत्या विमानतळावर उतरायचे, कोणत्या देशाकडे व्हिसाचा अर्ज करायचा आणि रोज किती किलोमीटर जायचे, हे पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होत जातात.

या दृष्टीने मार्गांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात फेरी पूर्ण करून आपण निघालो त्याच गावी परततो. बोडन्से या सरोवराभोवतीचा सुमारे २६० किलोमीटरचा मार्ग असा आहे. तो जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जातो, आणि सायकल घेतली त्याच दुकानात परत देता येते. दुसऱ्या प्रकारात एका गावी निघून दुसऱ्या गावी पोहोचायचे असते. त्यासाठी दुसऱ्या गावात सायकल परत घेणारी कंपनी लागते आणि तिचे वेगळे शुल्कही बहुधा असते. दिवसाचे भाडे कमी दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. परत घेण्याचे शुल्क, चोरीचा विमा, मागे लावायच्या पिशव्या आणि कुलूप हे सगळे धरून चौघांचा एकूण आकडा काढावा आणि मगच दोन कंपन्यांची तुलना करावी.

आपल्या चौघांसाठी आम्ही दुसऱ्या प्रकारातला एक मार्ग सुचवतो. तो जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या राजधानीपर्यंत, म्हणजे व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाने जातो. अंतर साधारण सव्वातीनशे किलोमीटर आहे. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचाच हा एक भाग आहे. पासाऊला इन आणि इल्झ या नद्या डॅन्यूबला मिळतात आणि तिथून मार्ग नदीच्या प्रवाहाबरोबर उतरत जातो. उतार इतका मंद आहे की तो जाणवतही नाही, मात्र चढ जवळजवळ नाहीत, आणि साठीच्या उंबरठ्यावरच्या गुडघ्यांना एवढे पुरेसे आहे. त्या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून पासाऊहून व्हिएन्नाकडे जाताना तो पाठीशी राहण्याची शक्यता अधिक असते. उलट दिशेने जाण्याचा सल्ला कुणी दिला, तर आधी कारण विचारावे.

सात दिवस सायकल चालवायची ठरवली तर रोजचे अंतर सरासरी ४५ ते ५० किलोमीटर पडते. पहिला मुक्काम श्लोगेनच्या आसपास करावा. तिथे नदी डोंगर कापत जवळजवळ उलटी वळते, आणि डाव्या काठाने येणाऱ्यांना तिथे सायकलीसह लहान फेरीबोटीने पुढे जावे लागते. फेरीचे भाडे थोडे असते, पण ते रोख द्यावे लागू शकते, म्हणून सुट्टी नाणी वरच्या खिशात ठेवावीत. पुढे लिंझ, ग्राइन आणि मेल्क असे मुक्काम येतात. लिंझनंतरच्या माउटहाउझेन गावात नाझी राजवटीतील छळछावणीचे स्मारक आहे. ते अवश्य पाहावे, मात्र तिकडे जाणारा चढ खडा असल्यामुळे त्या दिवशी अंतर कमी ठेवावे.

मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३५ किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाखाऊ खोरे. युनेस्कोने सन २००० मध्ये त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. मेल्कच्या टेकडीवर सन १०८९ मध्ये स्थापन झालेला बेनेडिक्टाइन मठ आहे. नदीच्या दोन्ही बाजूंना दगडी बांधांवर चढत गेलेले द्राक्षमळे आहेत आणि मधूनमधून जर्दाळूच्या बागा लागतात. सोलापूर जिल्ह्यातील द्राक्षबागा पाहिलेल्या माणसाला तिथले बुटके वेल आणि उभे उतार पाहून छाटणी कशी करत असतील, असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. याच खोऱ्यातील विलेनडॉर्फ गावी १९०८ मध्ये अश्मयुगातील स्त्रीची जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीची दगडी मूर्ती सापडली. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात असल्यामुळे प्रवासाच्या शेवटी तीही पाहता येईल. हा पट्टा एका दिवसात सहज संपतो, पण आपण तो दोन दिवसांत करावा. वेळ वाचवायचाच असेल तर क्रेम्सनंतर टुल्नमार्गे व्हिएन्नाला जाणाऱ्या भागात वाचवावा.

विमानाचे तिकीट जाताना म्युनिकचे आणि येताना व्हिएन्नाहून असे ‘मल्टी-सिटी’ पद्धतीने काढावे. म्युनिकहून पासाऊ रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर आहे. व्हिएन्नात सायकल परत घेणारी कंपनी मिळालीच नाही, तर पासाऊला परत यावे लागेल. थेट गाडीला सव्वादोन ते अडीच तास लागतात, पण सायकलीसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि चौघांसाठी एकाच गाडीत ती मिळेलच, असे नाही.

सामानाबद्दल आमचे मत ठाम आहे. मार्ग दाखवणारा वाटाड्या आपल्याला नको, कारण खुणेचे फलक सगळीकडे आहेत आणि नदी तर शेजारीच आहे. मात्र एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर बॅगा पोहोचवणारी सेवा जरूर घ्यावी. एका बॅगेला बहुधा २० किलोची मर्यादा असते. सायकलवर फक्त रेनकोट, औषधे, कागदपत्रे आणि दिवसाचा खाऊ ठेवावा. सीटवरचे पाणी पुसायला एक जुना टॉवेल ठेवा, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

आषाढी जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत केव्हाही येते, तेव्हा वारी आटोपून सप्टेंबरमध्ये निघणे उत्तम. उन्हाळी सुट्टीची गर्दी ओसरलेली असते, हवा सौम्य असते आणि वाखाऊत द्राक्षांची तोडणी सुरू होत असते. घरी गणपती बसत असेल तर तिथी पाहून तारखा पुढेमागे कराव्यात, मात्र ऑक्टोबरच्या मध्यापलीकडे जाऊ नये. त्यानंतर फेरीबोटी बंद होऊ लागतात आणि दिवसही लहान होतो.

तयारीसाठी रोजचा हिप्परगा पुरेसा नाही. एका दिवसात ५० किलोमीटर जाणे अवघड नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच सीटवर बसणे अवघड असते. म्हणून एक शनिवार-रविवार काढून अक्कलकोटला मुक्कामी जावे आणि दुसऱ्या दिवशी परत यावे, म्हणजे दोन्ही दिवशी साधारण ४० किलोमीटर होतील. पुढच्या वेळी तिसरा दिवस जोडून तुळजापूरला जाऊन यावे, घाटात दम किती टिकतो तेही कळेल. हे सगळे जुलै-ऑगस्टच्या पावसात करावे, उघडिपीची वाट पाहू नये. डॅन्यूबकाठीही पाऊस विचारून येत नाही.

प्रश्न : मी होटगी रस्ता भागात राहते. माझी उंची जेमतेम पाच फूट आहे आणि दुकानातली कोणतीही सायकल मला नीट बसत नाही. परदेशात न पाहता, न बसता सायकल कशी ठरवायची? बॅटरीवरची घ्यावी का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. लहान मापाच्या सायकली दुकानांत थोड्याच असतात आणि सर्वांत आधी त्याच संपतात, त्यामुळे तीन-चार महिने आधी मागणी नोंदवावी. नोंदवताना फ्रेमचा आकडा स्वतः ठरवून कळवू नये, कारण प्रत्येक कंपनीचे मोजमाप वेगळे असते. आपली उंची आणि पायाची आतील लांबी सेंटिमीटरमध्ये कळवावी आणि सायकल त्यांना निवडू द्यावी.

आतील लांबी मोजण्याची रीत अशी आहे. फरशीवर अनवाणी उभे राहून पाठ भिंतीला टेकवावी. एक जाड, पुठ्ठा बांधणीचे पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यावर जसा दाब येतो तसे वर दाबावे. पुस्तकाची एक कड भिंतीला चिकटलेली असावी, म्हणजे ते तिरके होत नाही. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलने खूण करावी आणि तिथून जमिनीपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजावे. एकट्याने हे माप हमखास चुकते, तेव्हा घरातील कुणाला तरी मदतीला घ्यावे.

मधली दांडी खाली उतरलेली सायकल मागावी. तिला आपल्याकडे लेडीज सायकल म्हणतात, पण तिकडे पुरुषही ती सर्रास वापरतात. २८ इंची चाकांऐवजी २६ इंची चाके मिळतील का, हेही विचारावे. ओढणी नेऊ नये, आणि चेनला पूर्ण कव्हर आहे का, हे पाहावे.

बॅटरीच्या सायकलीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार या सायकलीची मोटर २५० वॅटपर्यंतची असते, पायडल मारले तरच ती साहाय्य करते आणि ताशी २५ किलोमीटरला साहाय्य थांबते. तिला वाहन परवाना लागत नाही. अडचण वजनाची आहे. साध्या सायकलीपेक्षा ती बरीच जड असते, आणि रेल्वेस्थानकाच्या जिन्यावर ती कुणाला तरी उचलावी लागते. डॅन्यूबसारख्या सपाट मार्गावर तिची गरज नाही, मात्र सोबतचे सगळे आपल्यापेक्षा वेगाने जाणारे असतील तर ती खुशाल घ्यावी. तिची बॅटरी विमानात नेण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे १६० वॅट-तासांपेक्षा, कितीतरी मोठी असल्यामुळे अशी सायकल इथून नेताच येत नाही, ती तिथेच भाड्याने घ्यावी लागते.

स्वतःचे हेल्मेट आणि सवयीचे सीट कव्हर मात्र घरूनच न्यावे. सायकल ताब्यात घेताना घाई करू नये. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवावी, पाय सरळ झाला म्हणजे उंची बरोबर आहे. त्या उंचीला सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी, कारण वाटेत कुणी ना कुणी ती हलवतेच. मग दुकानासमोरच्या रस्त्यावर दहा मिनिटे चालवून सगळे गिअर एकदा पाडून पाहावेत. चाकाचा रिम, टायरच्या कडा आणि आधीचे ओरखडे यांचे फोटो दुकानदारासमोरच काढावेत, म्हणजे परत करताना अनामतीवरून वाद होत नाही. पंप, पंक्चरचे साहित्य आणि कुलपाच्या किल्ल्या मोजून घ्याव्यात. रविवारी सायकल बिघडली तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे तिथेच विचारावे. आपल्याकडच्यासारखा वडाखालचा पंक्चरवाला तिकडे नाही.

प्रश्न : तिकडे उजव्या बाजूने वाहने चालतात, याचीच मला धास्ती वाटते. सवय व्हायला किती वेळ लागतो? (एक वाचक, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : सरळ रस्त्यावर फारसा वेळ लागत नाही, कारण समोरची वाहनेच आपल्याला जागेवर ठेवतात. घोटाळा होतो तो रिकाम्या रस्त्यावर. चहापाण्याला थांबून पुन्हा निघताना आणि वळण घेताना सवयीने आपण डावीकडे जातो. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर मागच्या माणसाने पुढच्याला मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणून सांगावे, हा सोपा उपाय आहे. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात फलक किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. आपल्याकडे चौकात जो आधी घुसतो तो जातो, त्यामुळे हा नियम मुद्दाम लक्षात ठेवावा. सायकल चालवताना मोबाइल हातात धरणे हा दोन्ही देशांत दंडनीय गुन्हा आहे.

आमच्या मते बाजूपेक्षा ब्रेकची अधिक काळजी घ्यावी. आपल्या सायकलींना पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो. युरोपात तो सहसा डाव्या हाताला असतो. घाबरून एकदम डावा ब्रेक आवळला, तर मागचे चाक उचलले जाते. त्यात जर्मनी-ऑस्ट्रियातील पुष्कळ भाड्याच्या सायकलींना मागचा ब्रेक पायडलमध्येच असतो, म्हणजे पायडल उलटे मारले की मागचे चाक थांबते. सात रस्त्याच्या सिग्नलला आपण थांबतो आणि पुन्हा निघण्यासाठी पायडल उलटे फिरवून उजव्या पायाखाली आणतो, ही हालचाल इतकी अंगवळणी पडलेली असते की आपण ती करतो हेही आपल्याला ठाऊक नसते. त्या सायकलीवर पायडल उलटे फिरतच नाही. थांबतानाच एक पायडल वर राहील, अशा बेताने थांबावे लागते. हे नको असेल तर ‘उलट्या पायडलचा ब्रेक नको, फ्रीव्हील हवे’ असे नोंदणीच्या वेळी लेखी कळवावे. अनेक कंपन्यांकडे दोन्ही प्रकार असतात.

इतके करूनही धास्ती जात नसेल तर जपानचा विचार करावा. तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते आणि पुढचा ब्रेकही उजव्या हाताला असतो. ओनोमिची ते इमाबारी हा ‘शिमानामी काइदो’ मार्ग समुद्रातील बेटे आणि पूल यांवरून सुमारे ७० किलोमीटर जातो. रस्त्यावर निळी रेघ आखलेली असते, आणि वाटेतील ठरावीक केंद्रांवर भाड्याची साधी सायकल परत देता येते.

प्रश्न : पासाऊ जर्मनीत आणि व्हिएन्ना ऑस्ट्रियात असेल, तर व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा?

उत्तर : दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे व्हिसा एकच लागतो. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. विमान जर्मनीत उतरत असले तरी या प्रवासात बहुतेक मुक्काम ऑस्ट्रियात असल्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो, पण सप्टेंबरच्या प्रवासासाठी मे महिन्यातच करावा, हे बरे. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी वैध असावा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः केंद्रावर जावे लागते.

रोज रात्री वेगळे हॉटेल असलेला आराखडा अर्ज तपासणाऱ्याला विचित्र वाटू शकतो. तारीख, गाव, अंतर आणि हॉटेल असा एका पानाचा तक्ता आणि सायकलीच्या नोंदणीची प्रत जोडली म्हणजे खुलासा होतो. विमा घेताना सायकल चालवताना झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे अटींच्या पानावर वाचूनच सही करावी.

प्रश्न : आम्ही माळकरी आहोत. सायकल चालवून भूक तर लागणारच. तिथे काय खायचे, आणि इथून काय नेता येते?

उत्तर : ऑस्ट्रियातील लहान गावांत शाकाहारी जेवण मिळते, पण निवड थोडी असते. पाव, चीज, बटाटे, सॅलड, चीजमध्ये घोळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा एक पदार्थ आणि गोडाधोडाचे पुष्कळ प्रकार मिळतात. सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे आवर्जून विचारावे, कारण भाज्यांचे सूपही पुष्कळदा तसेच केलेले असते. चीजबाबतही ज्यांचा कटाक्ष असेल त्यांनी चौकशी करावी, कारण काही चीज वासराच्या जठरातील विकर वापरून करतात.

घरून नेण्यासारख्या वस्तूंमध्ये सोलापूरचे पारडे जड आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही जोडी आठवडाभर सहज टिकते. चटणी मात्र कोरडी असावी, दोन पिशव्यांत घट्ट बांधावी आणि हातातल्या बॅगेत न ठेवता मोठ्या बॅगेत ठेवावी. तूप, पेढे, खवा किंवा पनीर नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. ताजी फळे आणि पाने यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे डाळिंबे आणि ओला कढीपत्ता घरीच ठेवावा. केळी, नारळ, अननस आणि खजूर यांना दाखल्यातून सूट आहे. एकादशी प्रवासात येत असेल तर शेंगदाणे, खजूर आणि राजगिऱ्याच्या वड्या जवळ असाव्यात. रविवारी तिथली किराणा दुकाने बंद असतात, उघडी असतात ती मोठ्या रेल्वेस्थानकांवरची मोजकी. तेव्हा रविवारचे दूध, फळे आणि पाव शनिवारी दुपारीच घेऊन ठेवावेत.